किमतीचा रकाना झाकून ठेवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यातले एक गृहस्थ लिहितात. वय पन्नाशीच्या पुढे. १९९८ मध्ये वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकातल्या तारखा चुकू नयेत यासाठीच्या, कामासाठी ते कॅलिफोर्नियात गेले, तेव्हा तिथे यो-योची लाट आलेली होती. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, ते मूळचे फिलिपिन्सचे, जेवणाच्या सुट्टीत त्यांना बोटात दोरी कशी अडकवायची इथपासून शिकवलं. २०११ मध्ये कुटुंब पुण्याला परतलं तेव्हा सामानात दीडशेच्या वर यो-यो होते. आता त्यांची इमारत पुनर्विकासाला जाते आहे आणि दोन-अडीच वर्षं भाड्याच्या छोट्या घरात काढायची आहेत. म्हणून त्यांनी ठरवलं, दहा ठेवायचे आणि बाकीचे विकायचे. एक्सेलमध्ये यादी केली, प्रत्येकापुढे किंमत लिहिली, वरचे दहा निवडले. मग लक्षात आलं, की त्या दहांपैकी सात त्यांनी कधी खोक्याबाहेरच काढलेले नाहीत. रोज रात्री जेवणानंतर गॅलरीत जे फिरवतात ते ओरखडे पडलेले यो-यो यादीत तळाला आहेत.

"हल्ली पेटी उघडली की आनंद होण्याऐवजी ओझं वाटतं. पत्नी म्हणते, ठेव ना, कोण विक म्हणतंय. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला एक निळा यो-यो सोडला तर कशातच रस नाही. विकले तर इतक्या वर्षांचं जमवलेलं मोडल्यासारखं होईल. आणि माझ्या त्या सहकाऱ्याने निवृत्त होताना दिलेला लाकडी 'नो जाइव्ह' किमतीच्या यादीत तिसरा आहे. भेट आलेली वस्तू विकावी का? आणि ठेवली, तर ती महाग आहे म्हणून ठेवतोय की त्याची आठवण म्हणून, हेच मला कळेनासं झालंय."

उत्तर:

नमस्कार,

तुम्ही सुरुवात जागेपासून केली आहे, म्हणून आधी जागेचाच हिशोब मांडते. यो-योचा व्यास साधारण ५५ ते ६० मिलिमीटर, जाडी त्याहून कमी. खोकी काढून नीट रचले तर दीडशे यो-यो एका मध्यम सुटकेसमध्ये बसतात. भाड्याचं घर कितीही लहान असलं तरी पलंगाखाली एका सुटकेसची जागा निघते. पुनर्विकासाच्या निमित्ताने विषय निघाला, एवढंच. विकावंसं वाटण्याचं कारण त्याच्या आधीपासून तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्ही पत्राच्या मध्यात एका ओळीत लिहून टाकलं आहे: पेटी उघडली की ओझं वाटतं.

माझं सगळं लक्ष त्या ओळीवर गेलं. यो-यो ही फिरवायची वस्तू आहे. पडून राहिली की तिची देखभाल मागे लागते. सुती दोरी दमट होऊन पिवळी पडते, पुण्याच्या पावसाळ्यात बेअरिंगला गंज धरतो, आतल्या रबराच्या चकत्या कडक होतात किंवा चिकट होऊन बसतात. असे दीडशे एकदम डोळ्यांपुढे आले की त्यातला प्रत्येक जण आपल्याकडून काहीतरी मागतो आहे असं वाटणारच. त्यात पन्नाशीनंतर येणारा प्रश्न असतो, आपल्यामागे यांचं कोण बघणार. पण तुम्ही रोज रात्री गॅलरीत उभे राहून यो-यो फिरवता. म्हणजे छंद शाबूत आहे, संग्रह तेवढा त्याच्या अंगावर आला आहे. हे दोन वेगळे धरा. संग्रह कमी केल्याने छंदाशी तुम्ही काही वाईट वागत नाही. उलट त्याला मोकळी जागा मिळेल, असं मला मनापासून वाटतं.

दहा हा आकडा मात्र खोडून टाका. तो कुठून आला हे पत्रात कुठेच नाही. आकडा आधी ठरला की निवडीची स्पर्धा होते, आणि अकरावा दहाव्यापेक्षा का कमी यावर रात्री जातात. आधी निवडा, मग मोजा. सात निघाले तर सात, चौदा निघाले तर चौदा.

तुमच्या एक्सेलमधला किमतीचा रकाना विक्रीसाठी फार उपयोगी आहे. ती मेहनत वाया गेलेली नाही. पण काय ठेवायचं हे ठरवताना तो झाकून ठेवा. बाजारातली किंमत म्हणजे दुसऱ्या लोकांना ती वस्तू किती हवी आहे याचं माप. याचं एक टोकाचं उदाहरण आहे. मार्च १९७४ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या प्रसिद्ध गाण्यांच्या कार्यक्रमाच्या नव्या नाट्यगृहाच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष निक्सन आले होते. गायक रॉय एकफ यांनी मंचावर त्यांच्या हाती यो-यो दिला, आणि निक्सन यांनी त्यावर सही केली. एकफ गेल्यानंतर त्यांच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा तो यो-यो सोळा हजार डॉलरच्या वर गेला. ती किंमत सहीची आणि त्या संध्याकाळची. यो-यो म्हणून तो हातात कसा फिरतो, याचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

तुमच्या खोक्यातल्या सात यो-योंचं तसंच आहे. ते महाग आहेत कारण कुठेतरी कोणीतरी ते बरीच वर्षं शोधतो आहे. तुम्ही ते त्या माणसासाठी उत्तम सांभाळलेत. तेच आधी विका. ते विकायला सर्वांत सोपे, त्यांचे पैसे सर्वांत चांगले येतील, आणि ते गेल्याने तुमच्या गॅलरीतल्या रात्रीत काही फरक पडणार नाही. फक्त एक अपवाद करा. त्या सातांत असा एखादा असेल, ज्याला दोरी लावून बघायची इच्छा कायम होती पण किंमत उतरेल म्हणून हात आवरलात, तर विकण्याआधी तो उघडा. आठवडाभर फिरवा. किंमत उतरेल, उतरू द्या. आवडला तर तो तुमचा झाला. नाही आवडला तर 'वापरलेला' असं स्पष्ट लिहून विका. कधीही न फिरवता विकलेल्या यो-योची हुरहुर त्या थोड्या रुपयांपेक्षा महाग पडते.

आता आवडते कसे ओळखायचे? या सदराकडे नाणी, तिकिटं, काडेपेट्यांची लेबलं, शाईची पेनं जमवणाऱ्यांची पत्रं येतात, आणि त्या सगळ्यांना मी एकच पहिलं काम सांगते. पेटी न उघडता, यादी न बघता, कोऱ्या कागदावर आठवतील तेवढ्या वस्तू लिहा. नाव आठवलं नाही तर 'तो लाल, कडेला टवका उडालेला' असं लिहा. घाई नको, दोन-चार दिवस कागद टेबलावर राहू द्या. जे आपणहून आठवतं ते तुमच्याकडे आहे; बाकीचं फक्त पेटीत आहे. दीडशेपैकी पंचवीस-तीसच्या वर कागद सहसा जात नाही. जे कागदावर आले नाहीत त्यांच्याविषयी तुमचा निर्णय जवळजवळ झालेला असतो, फक्त तो तुम्ही स्वतःला सांगितलेला नसतो.

दुसरी कसोटी हाताची. घरात कढया पाच असल्या तरी रोजच्या भाजीला हात एकाच कढईकडे जातो, तसा तुमचाही जात असणार. कागदावरच्या पंचवीस-तीसांना नवी दोरी लावा आणि ते उघड्या टोपलीत दाराजवळ ठेवा. महिनाभर रात्री जो उचलाल तो उचला, कोणता उचलायचा हे आधी ठरवू नका. महिन्याअखेर टोपलीतल्या दोऱ्या बघा. मळलेल्या, पिळलेल्या दोऱ्या कोणाच्या आणि पांढऱ्याशुभ्र कोणाच्या, हे सांगायला एक्सेल लागणार नाही.

पण एवढ्यावर थांबू नका, असं मी तुम्हाला आवर्जून सांगेन, कारण तुमच्या संग्रहाचा काळ साधा नाही. १९९८ ते २०११ या वर्षांत यो-यो आतून जितका बदलला तितका आधीच्या कित्येक दशकांत बदलला नव्हता. तो बदल तुमच्या पेटीत आहे, आणि तो दाखवायला दीडशे लागत नाहीत.

जुन्या लाकडी यो-योत दोरी थेट आसाभोवती सैल फासात असते. यो-यो खाली गेला की आस त्या फासात घसरत फिरतो, पण लाकडाचं आणि सुताचं घर्षण त्याला फार वेळ फिरू देत नाही. झोपलेला, म्हणजे दोरीच्या टोकाशी नुसता फिरत राहिलेला, यो-यो पाच-दहा सेकंद टिकला तरी हात चांगला म्हणायचा. तुमचा नो जाइव्ह या जातीतला. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनी १९७८ मध्ये तो आणला. तो हाताने उघडतो, झिजलेला आस बदलता येतो, आणि दोन्ही बाजू उलटसुलट जोडून त्याचे तीन आकार होतात. त्यानंतरची पायरी म्हणजे आसावर फिरणारी प्लास्टिकची नळी. योमेगा कंपनीचा फायरबॉल तसा आहे. त्याच कंपनीच्या ब्रेनमध्ये वजनाच्या छोट्या भुजा आणि स्प्रिंग आहेत. वेग कमी झाला की त्या आसाला पकडतात आणि यो-यो आपोआप वर येतो. नवशिक्यांना त्याचं केवढं अप्रूप होतं ते तुम्ही पाहिलं असेल. मग बॉल बेअरिंग. कून यांच्या धातूच्या एसबी-२ मध्ये ते होतं, आणि १९९२ मध्ये अंतराळवीर जेफ्री हॉफमन यांनी अटलांटिस यानातून तो यो-यो अंतराळात नेला. सामान्य माणसाच्या हातात बेअरिंग आलं ते १९९८ च्या लाटेत, योमेगाच्या रेडरसारख्या यो-योंमधून.

इथपर्यंत यो-यो एका झटक्याने परत यायचा. त्यानंतरच्या दहा वर्षांत खेळणाऱ्यांनी तोच गुण काढून टाकला. मधली फट रुंद झाली, आतल्या चकत्या सिलिकोनच्या आणि खोल बसवलेल्या झाल्या, कडेला वजन गेलं, प्लास्टिकच्या जागी लेथवर कातलेलं अॅल्युमिनियम आलं. आता यो-यो झटक्याला दाद देत नाही. दोरीची एक घडी फटीत मुद्दाम अडकवली तरच वर येतो, त्याला बाइंड म्हणतात. परत यायची घाई गेल्यामुळे दोरीवरच्या लांबलचक रचना शक्य झाल्या. याच काळात डंकन कंपनीच्या फ्रीहँड या यो-योने दोरी बोटातून सोडवून तिच्या टोकाला छोटं वजन लावलं, आणि एक सबंध नवा प्रकार सुरू झाला.

लाकडी, नळीचा, ब्रेन, पहिलं बेअरिंग, फ्रीहँड, आणि रुंद फटीचा धातूचा: हे सहा शेजारी ठेवले तर कोणालाही तुमची तेरा वर्षं समजावून सांगता येतील. यातले काही तुमच्या टोपलीत आधीच आले असतील. जी पायरी राहिली असेल ती भरताना त्या जातीतला सर्वांत स्वस्त, सर्वांत वापरलेला घ्या. चकचकीत विकायला राहू द्या. एकाच मॉडेलचे चार-पाच रंग असतील, आणि तुम्ही ज्या काळात जमवलेत ते पाहता असणारच, तर एकच ठेवा. लूपिंगच्या, म्हणजे यो-यो समोर फेकून लगेच परत आणत राहण्याच्या खेळाच्या, बाबतीत मात्र जोडीला जोडी धरा. रेडरसारखे यो-यो दोन्ही हातांनी खेळायला जुळवून घेतलेले असतील तर ठेवताना दोन्ही ठेवा आणि विकताना दोन्ही विका. तोडलेल्या जोडीचा दोघांनाही उपयोग नाही.

आता "जमवलेलं मोडल्यासारखं होईल" याविषयी. संग्रह अखंड ठेवण्याला अर्थ केव्हा असतो, हे पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलेलं असेल. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्री, कंगवे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि तो शासनाच्या स्वाधीन केला. तो मोडला असता तर लोकांच्या घरातला एक काळच हरवला असता, कारण त्या वस्तू दुसरीकडे कोणी जपून ठेवतच नव्हतं. यो-योचं तसं नाही. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात यो-योचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, अमेरिकेत आणि जपानमध्ये मोठे संग्राहक आहेत, त्या वस्तूंची नोंद आहे. तुमचे दीडशे विखुरले तर यो-योच्या इतिहासातलं काही नाहीसं होणार नाही. तुमचं मात्र काही नाहीसं होऊ शकतं: कोणता कुठे घेतला, कोणाबरोबर, कोणत्या पगारातून. ते कुठल्याच संग्रहालयात नाही. म्हणून पाठवण्याआधी प्रत्येकाचा एक फोटो काढा आणि त्याखाली दोन-तीन ओळी मराठीत लिहा. एक्सेलमध्ये हा रकाना घाला, तो किमतीच्या रकान्यापेक्षा जास्त टिकेल.

मुलीबद्दल तुमच्या पत्रात थोडं दुखावलेपण आहे, ते मला कळतं. पण दीडशे यो-योंमधून तिने एक निवडला आहे, तोही कोणी न सांगता. तुम्हाला जे जमत नाही ते तिला जमलं आहे. निळा यो-यो तिला देऊन टाका, खोक्यासकट असेल तर खोक्यासकट. देताना त्याचा इतिहास सांगू नका, विचारलं तर सांगा. तो कपाटात ठेवायचा, फिरवायचा की बॅगेला अडकवायचा, हे तिचं ती ठरवेल. आणि बाकीचे तिच्यासाठी म्हणून राखून ठेवू नका. मुलांसाठी राखलेले आईबापांचे संग्रह पुढे त्यांच्याच गळ्यात पडतात, आणि ते टाकून देण्याचा अपराधीपणाही त्यांच्याच वाट्याला येतो. पत्नी "ठेव ना" म्हणते, त्यात तुम्ही नंतर हळहळाल ही काळजी असावी. तिला फोटो आणि ओळी वाचून दाखवा. तिच्या लक्षात राहिलेला एखादा तुमच्या कागदावर नसेल, तर तोही टोपलीत घाला.

विक्रीविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं लिहिणाऱ्या बहुतेकांची गाडी इथे अडते.

सगळे एका माणसाला एकगठ्ठा देण्याचा मोह होईल. कामं वाचतात हे खरं, पण घेणारा वरच्या वीस-पंचवीसांचाच विचार करून भाव देतो आणि उरलेले फुकटात जातात. खोक्यातले आणि दुर्मीळ ते एकेक विका. मधले, म्हणजे चांगले फिरणारे पण सर्रास मिळणारे, तीन-तीन चार-चारचे संच करून नव्या दोऱ्यांसकट विका. भाव ठरवताना विकणाऱ्यांनी मागितलेले आकडे बघू नका, खरोखर विकल्या गेलेल्या यो-योंचे आकडे बघा. दोन्हींत बरंच अंतर असतं. टवका, ओरखडा, फिरताना जाणवणारी थरथर, बदललेलं बेअरिंग, हे सगळं आधी लिहा आणि उजेडात फोटो काढा. ओरखडा लपवून आलेला जास्तीचा पैसा तक्रारीत जातो. धुण्या-घासण्याचा उत्साह आवरा. जुन्या प्लास्टिकवरची छापील चित्रं घासल्याने जातात आणि मग किंमतच राहत नाही. मऊ कोरड्या फडक्याने पुसणं पुरे.

विकायचे कुठे? माझं मत स्पष्ट आहे: दुर्मीळ अमेरिकी सोडले तर इथेच विका. भारताने खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. बाहेरून चांगला यो-यो मागवणं इथल्या कॉलेजातल्या मुलांना फार महाग पडतं. पुणे, मुंबई, बंगळुरूमध्ये मन लावून खेळणारी तरुण मुलं आहेत, त्यांना तुमच्याकडचा जुना धातूचा यो-यो म्हणजे पर्वणी आहे. परदेशात कदाचित थोडे जास्त मिळतील. पण टपालखर्च, विमा आणि हरवल्याची धास्ती धरली तर फार उरत नाही. अमेरिकेने तर ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफीही बंद केली, तेव्हा घेणाऱ्याला वरून कर पडेल, हे आधी सांगूनच सौदा करा. तिकडे जाणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत एखाद-दुसरा द्यायला हरकत नाही, पण त्याच्या वजनमर्यादेतून सगळा धंदा करू नका. अनोळखी माणसाकडून पैसे घेताना एक लक्षात असू द्या: पैसे यायला यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. जो तसं करायला सांगतो त्याचा फोन ठेवून द्या.

उरलेले साधे प्लास्टिकचे यो-यो कोणी विकत घेणार नाही. ते मुलांना द्या, शाळेला द्या, सोसायटीतल्या उन्हाळी शिबिराला द्या. पण देताना जात बघून द्या. पहिल्यांदा यो-यो हातात घेणाऱ्या मुलाला रुंद फटीचा नवा यो-यो दिला तर तो खाली जाऊन तिथेच फिरत राहतो, परत येतच नाही, आणि दहा मिनिटांत मूल कंटाळतं. त्यांना झटक्याने परत येणारेच द्या, दोरी मुलाच्या बेंबीइतक्या उंचीवर कापून आणि नवा फास बांधून. तुमच्या सहकाऱ्याने तुम्हाला जसं शिकवलं तसं एक दुपार बसून शिकवलंत तर फारच चांगलं.

हे सगळं एका महिन्यात उरकू नका. जे विकायचं ठरलं पण हात थरथरतो, ते एका खोक्यात घालून वर तारीख टाका आणि नव्या घरात सोबत न्या. सहा महिन्यांत ज्याची आठवण काढून खोकं उघडलंत तो परत घ्या. बाकीचे न बघता पुढच्या विक्रीत. जे ठेवाल त्यांच्या दोऱ्या पावसाळ्याआधी काढून ठेवा, बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब द्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. लाकडी यो-यो प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात ठेवा.

राहिला नो जाइव्ह. "महाग म्हणून की आठवण म्हणून" हा प्रश्न तुम्हाला पडला तो यादीमुळे. यादी करण्याआधी तो कधी पडला होता का? मला नाही वाटत. त्याला यादीतूनच काढा, ठेवायच्या आणि विकायच्या दोन्ही. ज्या फिलिपिनो माणसाने अमेरिकेत यो-यो बनवण्याचा पहिला कारखाना काढला ते पेद्रो फ्लोरेस. १९२८ साली, तुमच्याच कॅलिफोर्नियात, सांता बार्बारामध्ये. पुढे डॉनल्ड डंकन यांनी तो धंदा घेतला आणि जगाला डंकनचं नाव माहीत झालं. हे तुमच्या सहकाऱ्याला नक्की माहीत असणार, आणि एका मराठी मुलाला जेवणाच्या सुट्टीत दोरी बांधायला शिकवताना त्याच्या मनात ते असूही शकेल.

तुमचे ते सहकारी हयात असतील तर त्यांना पत्र लिहा किंवा फोन करा. संग्रह कमी करतोय हे सांगा आणि नो जाइव्हचं काय करू, असं सरळ विचारा. भेट देणारी माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा या बाबतीत मोकळी असतात. "विक आणि त्यात बायकोला जेवायला ने" असंही उत्तर येऊ शकतं, "माझ्या नातवाला पाठव" असंही. ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना विचारा, त्यांच्याकडे त्यांचा एकही यो-यो नसेल तर याच्यावर पहिला हक्क त्यांचा. आणि कोणाचाच पत्ता लागला नाही तर तो ठेवा, पण खोक्यात नको. त्याचा आस बदलता येतो, म्हणजे झिजायला हरकत नाही. टोपलीत घाला आणि रात्री फिरवा.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात कोरा कागद आणि तो फोन, पुढचा महिना टोपली, त्यानंतर फोटो आणि ओळी, आणि मगच विक्रीची पहिली जाहिरात. घर रिकामं करायच्या तारखेशी या कामाची सांगड घालू नका. सुटकेस पलंगाखाली मावते.